नायकाच्या मागे काय चाललंय, तिकडे बघा

मार्च 2025 मध्ये 'अ‍ॅडोलेसन्स' ही ब्रिटिश मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि तोवर फिल्मी मंडळींपुरता असलेला 'वन टेक' हा शब्द घरोघरी पोचला. चार भाग, आणि प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात चित्रित केलेला. मध्ये एकही कट नाही, म्हणजे कुठेही शॉट तोडून दुसरा तुकडा जोडलेला नाही. त्यानंतर अशा शॉट्सच्या याद्या, व्हिडिओ, पडद्यामागच्या गोष्टी फिरायला लागल्या. बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नावर होता: हे जमवलं कसं? कॅमेरा ड्रोनला कसा जोडला, तालमी कशा झाल्या, कुणी चुकलं तर काय केलं. हे समजून घ्यायला मजा येते, पण त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो. कट न केल्यामुळे प्रेक्षकाला असं काय मिळतं, जे कट करून मिळालं नसतं?

मला या प्रश्नाचं सगळ्यात पटणारं उत्तर सापडतं ते 2006 च्या 'चिल्ड्रन ऑफ मेन' या सिनेमात. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन, कॅमेरा इमॅन्युएल लुबेझ्की यांचा, दोघंही मेक्सिकोचे. पी. डी. जेम्स यांच्या 1992 च्या कादंबरीवर बेतलेली ही गोष्ट घडते 2027 साली. ते साल आता कॅलेंडरवर येऊन ठेपलंय, म्हणून या सिनेमाची पुन्हा चर्चा होते. त्यातल्या जगात अठरा वर्षांत एकही मूल जन्मलेलं नाही. आपल्या जगात दक्षिण कोरियाचा जननदर 2023 मध्ये दर स्त्रीमागे 0.72 इतका खाली आला. त्यातल्या ब्रिटनने निर्वासितांना पिंजऱ्यात कोंडलंय, आणि निर्वासितांवरून आजच्या युरोपात काय चाललंय ते आपण वाचतोच. त्यामुळे 'यांनी वीस वर्षं आधीच सांगितलं होतं' असं कौतुक सर्रास ऐकू येतं.

मला हे कौतुक तोकडं वाटतं. भाकितं पुष्कळ सिनेमांनी केली. या सिनेमाचं खरं मोल आहे ते त्याने बिघडलेलं जग ज्या पद्धतीने उभं केलं त्यात, आणि ती पद्धत कॅमेऱ्यापासून वेगळी काढताच येत नाही.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द डिस्टोपिया. समाज पार बिघडला, सत्ता माणसाच्या मानेवर बसली, निसर्ग किंवा तंत्रज्ञान हाताबाहेर गेलं, अशा भविष्याचं कल्पित चित्र. इथून पुढे मी त्याला साधं 'बिघडलेलं भविष्य' म्हणेन.

दुसरा शब्द वर्ल्डबिल्डिंग, म्हणजे जगउभारणी. गोष्ट जिथे घडते ते जग पटेल असं तयार करणं. तिथे सरकार कुणाचं, लोक काय खातात, बसवर जाहिरात कशाची, भिंतीवर काय लिहिलंय, लोक कशाला घाबरतात आणि कशाची त्यांना सवय झालीय, हे सगळं त्यात आलं.

यातला अवघड भाग असा, की प्रेक्षकाला हे जग ठाऊक नसतं, पण पात्रांना ते जन्मापासून ठाऊक असतं. मग ती एकमेकांना समजावून सांगतील कशी? आपण एखाद्या अनोळखी घरी पहिल्यांदा जातो तेव्हा घरातली मंडळी आपला इतिहास सांगत बसत नाहीत. 'या, बसा' होतं, पाणी येतं, गप्पा हवापाण्याच्या. पण आपली नजर फिरत असते. हार घातलेला फोटो तरुण मुलाचा आहे. शोकेसमध्ये परदेशातल्या बाहुल्या आहेत आणि त्यांच्यावर धूळ आहे. एका खोलीचं दार सगळा वेळ बंद आहे. अर्ध्या तासात त्या घराबद्दल जेवढं कळतं तेवढं कुणी सांगून कळलं नसतं, आणि सांगितलं असतं तर त्याचा एवढा परिणामही झाला नसता.

चांगली जगउभारणी नेमकं हेच करते. फक्त सिनेमात आपली मान आपल्या हातात नसते. ती कॅमेऱ्याच्या हातात असते.

जग दाखवायच्या दोन रीती

सिनेमाने बिघडलेली भविष्यं दाखवायला सुरुवात केली ती थक्क करून. 1927 च्या 'मेट्रोपोलिस'मध्ये फ्रिट्झ लांगने उंचच उंच इमारतींचं शहर उभं केलं, त्यासाठी आरशांची युक्ती वापरली. कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा ठेवायचा, त्याच्या काही भागाचा पारा खरवडून काढायचा. आरशात छोट्या प्रतिकृतीचं प्रतिबिंब दिसतं, खरवडलेल्या जागेतून पलीकडचे खरे नट दिसतात, आणि कॅमेऱ्याला दोन्ही मिळून एकच दृश्य दिसतं. 1982 च्या 'ब्लेड रनर'मध्ये रिडली स्कॉटने 2019 सालचं लॉस एंजेलिस दाखवलं: सततचा पाऊस, धूर, निऑनचे दिवे, इमारतीएवढ्या जाहिराती. त्यातला बराचसा रस्ता म्हणजे स्टुडिओच्या आवारातला जुना सेट. रात्र, धूर आणि पाऊस यांनी त्याचं जुनेपण झाकलं. या रीतीत कॅमेरा शहराला मान देतो. थांबतो, वर बघतो, आपल्यालाही बघायला लावतो.

दुसरी रीत उलटी. 1965 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 'अल्फाविल'साठी एकही सेट लावला नाही. त्या काळच्या खऱ्या पॅरिसमध्ये, रात्रीच्या वेळी, नव्या काचेच्या इमारतींमध्ये शूटिंग केलं आणि सांगून टाकलं की हे दूरच्या ग्रहावरचं शहर आहे. भविष्य बांधायची गरज नाही, आजच्याच एखाद्या कोपऱ्यात ते उभं आहे, हा त्यामागचा विचार.

क्वारोन दुसऱ्या रीतीचा. त्याच्या कलाविभागाने सुरुवातीला भविष्यातल्या चकाचक गाड्या आणि इमारतींची चित्रं आणली, तेव्हा त्याने ती नाकारली. त्याला कल्पनाशक्ती नको होती, संदर्भ हवे होते. त्याने समोर ठेवली ती वृत्तछायाचित्रं, इराकपासून उत्तर आयर्लंडपर्यंतची. आपला सिनेमा 'ब्लेड रनर'च्या बरोबर विरुद्ध टोकाचा असेल, असं तो म्हणायचा.

म्हणून त्याच्या 2027 च्या लंडनमध्ये उडत्या गाड्या नाहीत. डबलडेकर बस आहे, तिच्या अंगावर हलती जाहिरात आहे, आणि तिच्या आजूबाजूने रिक्षा धावताहेत. हो, आपल्याकडे धावते तशी तीनचाकी रिक्षा, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर. पेट्रोलचं काय झालं, लोकांकडे पैसे उरलेत का, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. रिक्षा दिसते आणि निघून जाते.

माझा सगळ्यात आवडता तपशील नायकाच्या अंगावर आहे. थिओ एका प्रसंगात विटलेला, जुनापुराणा स्वेटशर्ट घालून वावरतो. त्यावर लंडन 2012 ऑलिम्पिकचं चिन्ह आहे. हा सिनेमा प्रदर्शित झाला 2006 मध्ये. लंडनला ते ऑलिम्पिक मिळाल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, सगळं शहर त्या भविष्याकडे डोळे लावून बसलं होतं. आणि इथे ते भविष्य धुऊन धुऊन फिकं पडलेल्या कपड्याच्या रूपात दिसतं. एका स्वेटशर्टने पंधरा वर्षांचा उतार सांगितला. त्यावर कॅमेरा एक क्षणही रेंगाळत नाही.

सुरुवातीचा प्रसंग सावकाश बघू

पडदा काळा आहे आणि बातम्यांचा आवाज येतोय. सिअ‍ॅटलच्या वेढ्याचा हजारावा दिवस. ब्रिटनच्या सीमा बंदच राहणार. मग मुख्य बातमी: जगातला सर्वांत लहान माणूस, दिएगो नावाचा मुलगा, मारला गेला. त्याचं वय अठरा वर्षं, चार महिने आणि वरचे दिवस, तास, मिनिटंसुद्धा वृत्तनिवेदक सांगतो. आता चित्र दिसतं. छोटं कॉफीचं दुकान, लोक दाटीवाटीने उभे, सगळ्यांच्या माना वर टीव्हीकडे, काहींच्या डोळ्यांत पाणी.

त्या गर्दीतून थिओ आत येतो. हे काम क्लाइव्ह ओवेनचं. तो वाट काढत काउंटरपर्यंत जातो, कॉफी मागतो, टीव्हीकडे एकदा नजर टाकतो, पैसे देतो आणि बाहेर पडतो. बस्स, एवढंच. सगळं जग रडतंय आणि याला कॉफी हवीय. नायकाचा स्वभाव कळला, जगाची अवस्था कळली, आणि त्याने तोंडातून काढला तो फक्त कॉफीपुरता शब्द.

कॅमेरा त्याच्या मागोमाग बाहेर येतो. रस्ता दिसतो: धुरकट हवा, रिक्षा, इमारतींवरचे पडदे. लंडन, 16 नोव्हेंबर 2027, अशी अक्षरं येतात. थिओ थोडं पुढे जाऊन थांबतो, खिशातली बाटली काढून कॉफीत दारू ओततो. कॅमेरा त्याच्याभोवती वळसा घेतो, त्यामुळे ज्या दुकानातून तो आला ते आता त्याच्या पाठीमागे दिसायला लागतं. आणि ते दुकान स्फोटात उडतं.

कॅमेरा हातात धरलेला आहे, तो दचकतो आणि मग धुराच्या दिशेने धावतो. धुरातून एक बाई बाहेर येते. तिने स्वतःचाच तुटलेला हात दुसऱ्या हातात धरलाय. तिथे कट.

आता समजा, हाच प्रसंग नेहमीच्या पद्धतीने तुकड्यातुकड्यांत घेतला असता. टीव्हीचा क्लोजअप, रडणाऱ्या बाईचा क्लोजअप, थिओचा चेहरा, मग बाहेरचा भव्य शॉट, मग दुकान, मग स्फोट. दुकानाचा वेगळा शॉट आला की आपण ओळखतो, आता इथे काहीतरी होणार. प्रत्येक कट म्हणजे दिग्दर्शकाने बोट दाखवून 'हे बघा' म्हणणं. सलग शॉटमध्ये बोट नाही. आपण थिओच्या बरोबर त्या दुकानात होतो आणि त्याच्याबरोबर बाहेर पडलो, मधला एक क्षणही कुणी कापून घेतलेला नाही. म्हणूनच आपण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने वाचलो, हे अंगावर येतं.

वाईड लेन्स आणि मागची माणसं

कट न करणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा लेन्सचा आहे.

लांब पल्ल्याची लेन्स लावली की माणूस ठसठशीत दिसतो आणि त्याच्या मागचं सगळं धूसर होतं. लग्नाच्या फोटोंमध्ये नवरा-नवरी स्पष्ट आणि मागच्या दिव्यांचे नुसते गोल ठिपके दिसतात, ते यामुळेच. वाईड लेन्स याच्या उलट वागते. ती खूप रुंद भाग पकडते, आणि जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट ठेवते. माणूस पुढे, त्याच्या मागे रस्ता, रस्त्यापलीकडे पोलीस, पोलिसांच्या मागे भिंतीवरचं पोस्टर, सगळं एकाच वेळी वाचता येतं.

क्वारोन आणि लुबेझ्की यांनी या सिनेमात क्लोजअप जवळपास टाळले आणि वाईड लेन्सवर भर दिला. त्यामागचं तत्त्व साधं आहे: पात्राइतकंच त्याच्या भोवतालालाही वजन. चेहरा पडदाभर झाला की जग चौकटीबाहेर जातं. प्रकाशही शक्यतो तिथलाच वापरला, खिडकीचा, रस्त्यावरचा, ढगाळ आभाळाचा. त्यामुळे मागच्या गोष्टी 'मांडून ठेवलेल्या' दिसत नाहीत.

रेल्वे स्टेशनवरचा प्रसंग बघा. थिओ गाडीतून उतरून चाललाय. बाजूला पिंजरे आहेत, त्यांत निर्वासित कोंडलेत, एक म्हातारी जर्मनमध्ये काहीतरी सांगत विनवतेय. थिओ बघत नाही. रोजचंच आहे त्याला. पण कॅमेरा बघतो. तो थिओला पुढे जाऊ देतो, पिंजऱ्यांपाशी क्षणभर मागे राहतो आणि मग त्याला गाठतो. नायकाची सवय आणि आपला धक्का यांच्यातलं अंतर त्या क्षणात भरलेलं आहे.

थिओचा जुना मित्र जॅस्पर, म्हणजे मायकेल केन, जंगलात लपून राहतो. त्याच्या घरात कॅमेरा एकदा थिओला चक्क सोडून भिंतीवरून फिरतो. जुनी कात्रणं, पुरस्कार, फोटो. त्यातून कळतं की खुर्चीत मूक बसलेली जॅस्परची बायको वृत्तछायाचित्रकार होती आणि तिचा छळ झाला होता. थिओ आणि त्याची पूर्वीची बायको ज्युलियन यांचा त्यांच्या छोट्या मुलासोबतचा फोटोही तिथेच आहे. इथे सिनेमा आपल्याला त्या अनोळखी घरातल्या पाहुण्यासारखं वागू देतो.

तत्त्वज्ञ स्लावॉय झिझेक या सिनेमाच्या डीव्हीडीवर बोलताना म्हणाला होता की याचा खरा विषय पार्श्वभूमीत आहे. मला ते पटतं. पुढे चाललेली गोष्ट खरं तर सरळ आहे: अठरा वर्षांनी एक मुलगी गरोदर आहे, तिला समुद्रापर्यंत सुखरूप पोचवायचंय. मूल होणं का थांबलं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. ज्यांना कारण हवं असतं त्यांची चिडचिड होते. पण कारण सांगितलं असतं तर आपण त्याचा उपाय शोधत बसलो असतो. आता आपण बघतो की आशा संपलेली माणसं कशी जगतात: आत्महत्येच्या औषधाची सरकारमान्य जाहिरात, शेतात जळणारे गुरांच्या मढ्यांचे ढीग, ओस शाळेच्या व्हरांड्यात शिरलेलं हरीण. त्या जळत्या ढिगांनी ब्रिटिश प्रेक्षक हलले असणार. 2001 मध्ये गुरांना तोंडखुरीची साथ आली तेव्हा त्यांनी हे टीव्हीवर रोज पाहिलं होतं.

गाडीतला तो शॉट

आता सिनेमातल्या सगळ्यात गाजलेल्या शॉटकडे येऊ. छोटी मोटार, आत पाच माणसं. ल्यूक गाडी चालवतोय, शेजारी ज्युलियन, मागे थिओ, गरोदर मुलगी आणि तिची दाई मिरियम. थिओ आणि ज्युलियन टेबल टेनिसचा चेंडू तोंडाने फुंकून उडवतात आणि तोंडानेच झेलतात. सगळे हसताहेत. कॅमेरा गाडीच्या आत, मधोमध, एकाकडून दुसऱ्याकडे वळतोय.

अचानक उतारावरून जळती गाडी रस्त्यात येते. झाडीतून जमाव धावत येतो, दगड, काठ्या. ल्यूक गाडी उलटी पळवतो. मोटारसायकलवर दोघं पाठलाग करतात, गोळी सुटते, काच तडकते, ज्युलियनच्या गळ्यातून रक्त. जवळपास चार मिनिटं कॅमेरा गाडीच्या बाहेर जात नाही. आपण सहावे प्रवासी आहोत, आणि सहाव्या प्रवाशाला दार उघडून पळता येत नाही.

हे जमवण्यासाठी गाडी कापावी लागली. छत काढून तिथे कॅमेरा फिरवणारी खास यंत्रणा बसवली. कॅमेरा येताना नट आडवे होऊन वाट देतील अशा खुर्च्या केल्या, पुढची काच कलती केली. वर छतावर कॅमेऱ्याचं काम सांभाळणारे चौघं बसलेले. खाली नट एका बाजूला रडताहेत आणि कॅमेरा दुसरीकडे वळला की पटकन खाली झुकताहेत, असा सगळा कारभार.

पण माझ्या दृष्टीने त्या शॉटचं मर्म शेवटच्या काही सेकंदांत आहे. पोलीस गाडी अडवतात, ल्यूक त्यांना गोळ्या घालतो, थिओ हबकून बाहेर उतरतो आणि त्याच्याबरोबर कॅमेराही उतरतो. ल्यूक ओरडून थिओला परत बसायला लावतो आणि गाडी सुसाट निघून जाते. कॅमेरा मात्र मागेच राहतो, रस्त्यावर, दोन मेलेल्या पोलिसांपाशी. इतका वेळ आपण ज्यांच्या बाजूने होतो त्यांनी काय केलं, ते बघायला आपल्याला मागे ठेवलंय. या एका हालचालीने सिनेमातलं चांगलं-वाईट ढवळून निघतं.

'पण तो शॉट तर जोडलेला आहे!'

ही तक्रार हमखास येते, आणि ती खरी आहे. गाडीतला शॉट सहा तुकड्यांत, चार वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित झाला आणि संगणकावर पाच ठिकाणी असा जोडला, की शिवण दिसू नये. मग ही फसवणूक नाही का?

लाँग टेक, म्हणजे न कापता घेतलेला लांब शॉट, हा विक्रम मानला तर होय, फसवणूक आहे. पण सिनेमागृहात आपण विक्रमाची नोंद करायला बसलेलो नसतो. आपल्या नजरेला कट जाणवला नाही, म्हणजे आपली सुटका झाली नाही, आणि दिग्दर्शकाला तेवढंच हवं होतं. नाटकातही पडदा पडल्यावर मेलेलं पात्र उठून कपडे बदलतं. म्हणून त्याचं मरण खोटं ठरत नाही.

'मग हा दिखाऊपणा नाही का?'

कधीकधी असतो. लाँग टेक हल्ली फॅशन झालाय हे मान्य करायला हवं. मारामारीत नायक तीस गुंडांना लोळवतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती घिरट्या घालतो, तेव्हा आपल्या मनात येतं ते 'वा, काय कॅमेरा!' जग तेव्हा नाहीसं झालेलं असतं. माझी कसोटी अशी: शॉट संपल्यावर मला कॅमेरा आठवतो की ती जागा?

या कसोटीवर 'चिल्ड्रन ऑफ मेन'चा शेवटाकडचा शॉट मला सगळ्यांत सरस वाटतो. निर्वासितांची छावणी असलेल्या बेक्सहिल गावात लढाई पेटलीय. थिओ गोळ्यांच्या पावसातून एका पडक्या इमारतीकडे धावतो, बसच्या सांगाड्यातून जातो, जिना चढतो. सहा मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा त्याच्या मागे आहे. शूटिंगच्या तयारीला चौदा दिवस लागले, आणि एकदा बिघडलं की पुन्हा सगळं मांडायला पाच तास. मध्येच एका टेकमध्ये नकली रक्ताची चिळकांडी थेट लेन्सवर उडाली. क्वारोन 'कट' म्हणून ओरडला, पण स्फोटांच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. चित्रीकरण चालू राहिलं. त्याला वाटलं, टेक वाया गेला. ते थेंब ठेवूया, असं लुबेझ्कीने त्याला पटवलं.

पडद्यावर बघताना ते थेंब विलक्षण काम करतात. एरवी आपण काचेआडून सुरक्षित बघत असतो. रक्त त्या काचेवर पडतं आणि आपल्याला आठवण होते की कुणीतरी खरंच तिथे कॅमेरा घेऊन धावतंय, युद्धवार्ताहरासारखं. जॉर्ज रिचमंड हा कॅमेरा ऑपरेटर तो भार अंगावर घेऊन नटांबरोबर धावत होता. जिलो पॉन्टेकोर्व्होचा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा 1966 चा सिनेमा क्वारोनसमोर आदर्श होता. तोही रचलेला असून बातमीपटासारखा दिसतो.

थोड्या वेळाने ते थेंब हळूच नाहीसे होतात, संगणकावर पुसलेले. कॅमेरा अजून तोच, शॉट अजून तोच. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

'कोपऱ्यातलं इतकं कोण बघतं?'

तुम्ही बघता, पण बघताय हे तुम्हाला कळत नाही. शब्दांत सांगता आलं नाही तरी डोळे नोंद घेतच असतात. एक पोस्टर चुकलं तरी चालतं, कारण तीच गोष्ट पुढे टीव्हीवर, मग भिंतीवर, मग कुणाच्या तरी खिशातल्या गोळ्यांच्या डबीवर येते. पुनरावृत्ती हे या पद्धतीचं मुख्य हत्यार आहे. प्रत्येक खूण एकदाच ठळक दाखवण्यापेक्षा पाच वेळा ओझरती दाखवायची.

मोबाइलच्या पडद्यावर मात्र या सिनेमावर अन्याय होतो. तिथे कोपरे दिसतच नाहीत, उरते ती फक्त पाठलागाची गोष्ट. जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना थिओकडे न बघता त्याच्या मागे बघा.

एक आक्षेप जो पुसता येत नाही

जगभरची दुःखं पार्श्वभूमीत ठेवणं सुंदर दिसतं, पण ती दुःखं भोगणारी माणसं त्यामुळे पार्श्वभूमीतच राहतात. छावणीकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून डोक्यावर पिशवी घातलेला, हात पसरून उभा केलेला कैदी दिसतो. इराकमधल्या अबू घ्रेब तुरुंगातल्या त्या कुप्रसिद्ध फोटोसारखा. तो दिसतो आणि मागे जातो. त्याला नाव नाही. गोष्टीच्या केंद्रस्थानी असलेली गरोदर मुलगी आफ्रिकन निर्वासित आहे, पण निर्णय बहुतांशी गोरा थिओ घेतो आणि कॅमेरा त्याला चिकटून राहतो. हा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतलाय आणि मला तो रास्त वाटतो. सवय झालेल्या माणसाच्या मागे कॅमेरा ठेवल्याने सवयीची भीषणता कळते, हे खरं. पण ज्यांना सवय करून घेण्याची चैन परवडत नाही त्यांच्या नजरेतून तेच जग कसं दिसलं असतं, हे या सिनेमाच्या कक्षेबाहेर राहिलं.

सिनेमावर साधारण साडेसात कोटी डॉलर खर्च झाले आणि तिकीटबारीवर तेवढेही परत आले नाहीत. लुबेझ्कीला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला, बाफ्टा मिळाला, ऑस्कर हुकलं. पुढे 'ग्रॅव्हिटी', 'बर्डमॅन' आणि 'द रेव्हनंट'साठी त्याने ओळीने तीन ऑस्कर घेतली.

मराठीत हे होऊ शकतं का?

या प्रश्नाला एक खराखुरा धागा आहे. 'कोर्ट'चा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे याने रोलेक्सच्या मार्गदर्शन उपक्रमात क्वारोनच्या हाताखाली काम पाहिलं, क्वारोनच्या 'रोमा' या सिनेमाच्या सेटवर तो होता, आणि ताम्हाणेच्या 'द डिसायपल' या 2020 च्या मराठी सिनेमाचा क्वारोन कार्यकारी निर्माता झाला. दोघांच्या कॅमेऱ्याची चाल वेगळी आहे. ताम्हाणेचा कॅमेरा 'कोर्ट'मध्ये लांब, स्थिर बसून राहतो. पण मागच्या बाकावर जांभई देणारा माणूससुद्धा चौकटीत मोलाचा आहे, हा विश्वास दोघांचा सारखाच.

मराठीत विज्ञानकथा कमी लिहिली गेली नाही. जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांच्या कथांवर दोन पिढ्या पोसल्या. सिनेमा मात्र या वाटेला फारसा जात नाही, आणि कारण विचारलं की बजेटचं नाव पुढे येतं. पहिल्या रीतीसाठी ते कारण खरं आहे. आरसे, प्रतिकृती, हजार संगणक लागतात. दुसऱ्या रीतीला लागते ती मुख्यतः नजर.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू झाली होती. कुणा परदेशी लेखकाने बिघडलेल्या भविष्यात हे लिहिलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणालो असतो. याच मातीतून 2045 चा एखादा प्रसंग उभा करायचा तर त्याला संगणकाचे चमत्कार नकोत. प्लॅटफॉर्मवर एक मुलगी आहे, तिला परीक्षेला जायचंय, तिची गाडी रद्द झालीय आणि ती स्टेशन मास्तरशी भांडतेय. तिच्या मागून टाक्यांची लांबलचक गाडी जाते, डब्यांच्या छतावर बंदूकधारी पहारेकरी बसलेत. वाईड लेन्स, एकच शॉट. आणि गाडी जाईपर्यंत भांडण थांबवायचं नाही. दोघांनी आवाज चढवायचा, कारण खडखडाटात ऐकू येत नाही. त्यांनी थांबून गाडीकडे पाहिलं की प्रेक्षकाला कळेल की हे नवीन आहे. त्यांनी नुसता आवाज चढवला, तर कळेल की ही गाडी रोज जाते.